टॉवेलाखालचा आकडा

"तोंडं भिताडाकडं!"

एवढा हुकूम सुटला की आमच्या सेंटरमधली सगळी माणसं मुकाट्याने भिंतीकडे वळायची. फॉर्म भरायला आलेली पोरं, झेरॉक्ससाठी ताटकळलेले मास्तर आणि सेंटरची मालकीण म्हणून मिरवणारी मीसुद्धा. मग आबा खांद्यावरचा टॉवेल काढून कीबोर्डवर पसरायचे, दोन्ही हात त्याखाली घालायचे आणि पासवर्ड टाकायचे. चूल पेटली का बघावं तसं अधूनमधून टॉवेलाची कड उचलून आत डोकावायचे. या कामाला बराच वेळ लागायचा. समोरच्या भिंतीवर किराणा दुकानाचं कॅलेंडर होतं. त्यातल्या सगळ्या चतुर्थ्या मला आबांमुळे पाठ झाल्या.

विट्याच्या एसटी स्टँडसमोर माझं ऑनलाईन सेंटर आहे. चार कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि दिवसभर माणसांची जत्रा. असल्या ठिकाणी माणूस किती बिनघोर असतो ते तुम्हीही पाहिलं असेल. आपला पासवर्ड मोठ्यांदा ओरडून सांगणारी माणसं मी रोज बघते. "ताई, टाका की तुम्हीच," म्हणून बँकेचा आकडा रांगेसमोर जाहीर करतात आणि बाहेर चहाला जातात. बँकेचं खातं बघायला येणारे आबा त्यातले नव्हते. आबांचं नाव मी इथे सांगत नाही, कारण ते त्यांना अजिबात आवडलं नसतं.

आबांचा सगळा जन्म जनावरांच्या बाजारात गेला. खरसुंडीची जत्रा म्हणू नका, म्हसवडचा बाजार म्हणू नका, खिलार बैलांचा सौदा असला की मध्ये दलाल म्हणून आबा हवेतच. आणि हा सौदा तोंडाने होत नसतो. दोघांनी टॉवेलाखाली हातात हात घालायचा आणि बोटं दाबायची. कुठलं बोट, किती बोटं, कशी दाबली, यावरून आकडा ठरतो. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव फक्त त्या दोन हातांना कळतो. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एक भाव तोंडातून काढला नाही, तो माझ्या सेंटरमध्ये येऊन पासवर्ड उघड्यावर कसा टाकेल?

एकदा पडद्यावर नेहमीची चौकट आली, पासवर्ड जपून ठेवू का म्हणून. आबांनी चष्मा सावरला.

"ह्यो कोन इचारतोया?"

"कॉम्प्युटर विचारतोय आबा. पुढच्या वेळी तुम्हाला टाकायला नको."

"त्येला म्हणावं, तू माझा कोन? आज माझा ठिवशील, उद्या माझ्या मागनं बसंल त्येला दावशील."

मी 'नाही'वर बोट दाबलं. दाबलं की नाही ते आबांनी वाकून बघितलं.

स्टँडवर फुकटचं वायफाय आलं तेव्हा पोरं मुंगळ्यांसारखी तिथे चिकटली. आबांनी नव्या मोबाईलवर ते कधी लावलं नाही. एकदा तर सुटलेल्या एसटीतून उतरून ते धापा टाकत परत आले. "पोरी, माझं खातं बंद केलंया न्हवं?" मी केलं होतं, तसं सांगितलंही. पण त्यांनी स्वतः खुर्चीत बसून खात्री केली. "फाटक उघडं टाकून घराकडं गेलो तर झोप लागंल व्हय?" म्हणाले. गाडी गेली ती गेलीच. पुढच्या गाडीची वाट बघत त्यांनी माझ्याकडून चहा मात्र वसूल केला.

पण मी खरी थक्क झाले ती वेगळ्याच दिवशी. शिराळ्याकडची एक मुलगी पोलीस भरतीचा फॉर्म भरून गेली आणि तिचं मेल तसंच उघडं राहिलं. त्यानंतर त्या खुर्चीत आबा बसले. दुसरा कोणी असता तर निदान एक नजर टाकली असती. मीही टाकली असती, खोटं कशाला बोलू! आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढून थेट पडद्यावर टाकला आणि खुर्ची फिरवून पाठ करून बसले.

"आबा, सरा, मी बंद करते."

"तू न्हाई. दुसऱ्याचं दार उगडं दिसलं म्हणून आपण हात घालायचा न्हाई. बलाव तिला. तिचं तिला लावू दे."

मी फोन केला, ती अर्ध्या वाटेवरून परत आली. तोवर आबा पहाऱ्यावरच्या शिपायासारखे बसून होते, कोणाला त्या टेबलाजवळ फिरकू दिलं नाही. मुलीला आपलं काय चुकलं हे धड कळलंही नाही. मला मात्र त्या दिवशी ह्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

आबांच्या लेकाची नोकरी फौजेत, सून लवकर गेलेली. नातीला आबांनीच वाढवलं. तिला घरी कोणापाशी ठेवायचं म्हणून ते खांद्यावर बसवून बाजारात न्यायचे, आणि खेळता खेळता टॉवेलाखालची भाषा तिला शिकवायचे. बैलांच्या पायात वाढलेली ही पोरगी बारावी झाली आणि जनावरांची डॉक्टर व्हायचं म्हणाली. सांगलीला हॉस्टेलवर राहून तिने अभ्यास केला. आबांना जगात दुसरं काही नको होतं.

प्रवेशाचा फॉर्म तिने सांगलीतल्या कुठल्याशा दुकानातल्या कॉम्प्युटरवर भरला आणि गडबडीत खातं उघडं टाकून उठली. दोन दिवसांनी बघते तर कॉलेजांचा पसंतीक्रम कोणीतरी खालीवर केलेला! मुदत होती म्हणून तिने तो नीट करून घेतला आणि रडत आबांना फोन केला. आबा पहिल्या गाडीने माझ्याकडे आले. भिताडाकडं तोंडं झाली. तिच्या पासवर्डातली, दोघांनाच ठाऊक असलेली अक्षरं तीच ठेवून मागचा आकडा त्यांनी बदलला.

"फोन करून सांगा आता तिला," मी म्हटलं.

"फोनवर? भोवती किती कान असत्यात! रविवारी पोरगी येतीया. हातात सांगतो."

रविवार उजाडायच्या आधीच आबा अंगणात कोसळले. अर्धांगाचा झटका. त्यांना सांगलीच्या दवाखान्यात हलवलं. आणि प्रवेशाची यादीही नेमकी तेव्हाच लागली. नातीचा नंबर लागला होता, पण संध्याकाळी पाचच्या आत खात्यात जाऊन सीट घेतली नाही तर ती पुढच्याला जाणार होती. नवा पासवर्ड मागवावा तर त्याचा ओटीपी बापाच्या मोबाईलवर, आणि बाप बर्फातल्या कुठल्या चौकीवर, जिथे रेंज नावाची गोष्ट नाही.

तिने मला फोन केला. "ताई, आबांनी आकडा काय टाकला हो?"

"मी भिंतीकडे तोंड करून उभी होते गं," मी म्हणाले आणि मला रडूच कोसळलं.

सेंटरला कुलूप घालून मी मिळेल ती गाडी धरली. जाऊन काय करणार होते कुणास ठाऊक! वॉर्डात पोचले तर आबांची वाचा गेलेली, उजवी बाजू लुळी. डोळे मात्र जागे होते. पोरगी उशाशी उभी होती. तिने एकदा घड्याळाकडे बघितलं, उशाचा टॉवेल उचलला, आबांच्या डाव्या हातावर पसरला आणि आत आपला हात घातला. डाव्या हाताने आबांनी जन्मात सौदा केला नव्हता. आबांची नजर शेजारच्या खाटांकडे गेली. पोरीला कळलं.

"जरा तिकडं तोंड करता का सगळी?" ती हात न काढता म्हणाली.

आणि वॉर्डातली माणसं वळली. खाटांवरचे पेशंट, त्यांचे नातेवाईक, सलाईन बदलणारी नर्स. कोणी का म्हणून विचारलं नाही. मीही वळले. बराच वेळ फक्त आबांचा श्वास ऐकू येत होता.

"कळलं आबा," पोरगी म्हणाली.

सौदा ठरला की हात सुटतो. आबा सोडेनात. शेवटी तिने मला बोलावलं, आपला हात हळूच काढून घेतला आणि माझा तिथे ठेवला. दवाखान्याचं फुकटचं वायफाय भिंतीवर लिहिलं होतं, त्याकडे तिने बघितलंही नाही. स्वतःचा मोबाईल घेऊन रेंजसाठी खाली आवारात पळाली.

मी आबांचा हात धरून बसले. थोड्या वेळाने टॉवेलाखाली त्यांची बोटं हलली. माझं एक बोट दाबलं, मग दोन एकदम. थांबले. मग सगळी मूठ धरली. "आबा, मला नाही येत तुमची भाषा," मी म्हणाले. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून, तितक्याच सावकाश, तेच दाबलं.

पोरगी वर आली ती हसत आणि रडत. सीट मिळाली होती. आबांनी ते ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

ह्या दिवाळीला ती सुट्टीवर आली होती. कॉलेजचं सांगत होती, गाईचं बाळंतपण केल्याचं सांगत होती. मला राहवलं नाही. ती बोटं मी विसरलेच नव्हते. मी हात पुढे केला. "बघ, आबांनी मला असं दाबलं होतं. काय म्हणाले ते तेवढं सांग."

तिने चटकन दोन्ही हात पाठीमागे नेले.

"मला नका दावू, ताई," ती म्हणाली. "त्ये त्यांनी तुमाला सांगितलंय."