दादाची शेवटची चढाई

मी बी.ए. झालो तो देवमनदादामुळे. मी शिकावे म्हणून या थोरल्या भावाने एकट्याने शेती ओढली.

आज गुडघ्याला कापराचे तेल चोळताना त्या वासाने सत्तरच्या दशकातले रिसोडचे मैदान आठवले. हेच तेल अंगाला लावून चाळिशीतला दादा किन्हीराजाच्या संघाकडून चढाईला गेला होता. समोरची पोरे हसत मागे सरली.

"धरू नका बे, बुढा हाय. हाड मोडलं तं आपल्यावर येईन!"

"कबड्डी, कबड्डी" म्हणत दादा पार मागच्या रेषेपर्यंत गेला. कोणी हात लावेना. गुपचूप परतला असता तरी सुटला असता. पण तो तिथेच थांबून ओरडला, "धरा ना बे! काहून धरून नाही राह्यले?"

चढाईत दुसरा शब्द तोंडातून निघाला की दम तुटतो. पंचांनी त्याला बाद दिले. त्यानंतर तो कधीच मैदानात उतरला नाही.

मला वाटले, बाद झाल्याचेच दुःख असेल. आता बसमध्ये पोरे माझ्यासाठी उठून जागा देतात, तेव्हा त्याचे ते ओरडणे कळते.

होस्टेलवर परतून त्याला धीर द्यायला मी पत्र लिहिले होते: "तीर्थरूप दादा, वाईट वाटून घेऊ नका. तुम्हाला कोणीही धरू शकले नाही, हे सगळ्या रिसोडने पाहिले."