रेवदंड्याला पाणी येईपर्यंत

पहिल्या वेचणीच्या कापसाची वात वळून ती नाल्यात सोडायची, ही आपल्या कळंबजवळच्या शेताची रीत तुम्हाला ठाऊक नसेल. तुमच्या मोठ्या आजी, म्हणजे माझ्या जाऊबाई, ती कधी चुकवत नाहीत. यंदा वेचणीआधीच नाला आटला. वात स्टीलच्या डबीत राहिली, आणि जाऊबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आम्ही मुंबईला निघालो तेव्हा डबीही पिशवीतून आली. ऑपरेशनआधी वात पाण्यात सुटली पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

"समुद्र तं आटत नाई ना?" त्यांनी वाटेत दोनदा विचारलं.

मी नेहमीप्रमाणे सगळं आखलं. मुंबईहून सकाळची बोट, मांडव्याहून टॅक्सी, रेवदंड्याच्या जुन्या किल्ल्याच्या तटाच्या सावलीत डबा, संध्याकाळच्या बोटीने परत. या बंदरातून पूर्वी गलबतं दूरदेशी जायची, हेही टॅक्सीत सांगून झालं.

तटाच्या भगदाडातून आम्ही वाळूवर उतरलो आणि समोर पाणीच नव्हतं. काळपट चिखल, त्यात कलंडलेल्या होड्या, आणि फार लांब एक चकाकती रेघ.

"हा बी आटला वं बाई!" जाऊबाई काठी टेकून उभ्याच राहिल्या. "इतक्या दूर कायले आनलं मले?"

"आटला नाही, ओहोटी आहे. पाणी परत येतं, जाऊबाई."

"गेलेलं पानी मिरगाच्या पावसाबिगर येत असते काय? तुह्या पुस्तकात लिवलं असन."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. चिखलातून जाणं त्यांच्या गुडघ्यांना झेपणार नव्हतं. डबी पिशवीत टाकून त्या म्हणाल्या, "चाल."

संध्याकाळची बोट गाठायची तर निघायला हवं, हे टॅक्सीवालाही सांगून गेला. गाडीच्या तासभर आधी स्टेशनवर पोचणारी मी; पण ती डबी तशीच दवाखान्यात नेणं मला बरं वाटेना. बोट जाऊ दे, रस्त्यानेच मुंबईला जाऊ, असं मी टॅक्सीवाल्याला सांगून आले.

आम्ही सतरंजीवर बसलो. जाऊबाई समुद्राकडे पाठ करून चिवडा खात होत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी सहज मान वळवली, तर कलंडलेली एक होडी हळूहळू सरळ होत होती.

"कोनं सोडलं वं पानी? धरनाचं हाय का?"

फेस वाळूवर आला, मागे गेला, आणखी जवळ आला. मी त्यांना दंडाला धरून उभं केलं. पाणी दोन्ही पावलांवरून गेल्यावर त्यांनी डबी उघडून वात सोडली. लाटेने ती त्यांच्याच पायाशी आणून टाकली. पुन्हा सोडली, पुन्हा आली.

"घे ना बाप्पा! आमच्या वावरातली हाय, इकतची नाई."

मग ती आली नाही. जाऊबाईंनी रिकामी डबी मिटून पिशवीत टाकली.

"आता त्या डॉक्टरले काय कराचं थे करू दे," टॅक्सीत बसताना त्या म्हणाल्या, आणि ओल्या लुगड्याने मुंबईपर्यंत गाढ झोपल्या.