दोन मिनिटांचा पहारा

सप्त्याचा सहावा दिवस, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. मंदिरात आम्ही अकरा जण होतो. चिखलीचा दवाखाना एकवीस किलोमीटरवर. धाकटा भाऊ वसंता वीणा घेऊन पहाऱ्यावर उभा होता. तो कोसळला आणि मी धावलो. खरं लिहायचं तर मी वीणा झेलली, भाऊ नाही. सप्त्यात वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. वसंताचं डोकं फरशीवर आपटलं तेव्हा वीणा माझ्या छातीशी सुखरूप होती.

त्याचा श्वास थांबला होता. शेजारच्या म्हाताऱ्या आबांनी तुळशीचं पाणी आणलं. इतक्यात, एसटी चुकली म्हणून दर्शनाला आलेली एक अनोळखी बाई पुढे झाली.

"पाणी नका घालू, बाबा. गेला नाही तो अजून!"

ती गुडघ्यांवर बसून दोन्ही तळहातांनी त्याची छाती दाबू लागली. मग माझ्याकडे पाहून ओरडली, "भाऊ, ते लाकूड कवटाळून काऊन उभे राह्यले? अँब्युलन्सले फोन लावा, अन् या इकडे!"

ती खामगावकडची नर्स होती. आमचा पहारा दोन तासांचा असतो, तिने दोन मिनिटांचा लावला. वीणा आबांच्या गळ्यात घातली, फोन लावला आणि मी खाली बसलो. चौघे आळीपाळीने दाबत राहिलो. आबांनी नाम थांबवलं नाही. चौतीस मिनिटांनी अँब्युलन्स आली, त्यांनी शॉक दिला, आणि वसंताची नाडी लागली.

दवाखान्यात पुण्याचा भाचा म्हणाला, "मामा, नशीब समजा. शहरात मदत लवकर पोचते, खेड्यात असं झालं की सहसा कोणी वाचत नाही." गावचे म्हणाले, "हाती वीणा होती, देवानं राखलं." मला दोन्ही मान्य नाहीत. त्याआधी तीनच महिने शेजारच्या गावचा टाळकरी असाच शेतात पडला. त्याची भक्ती कमी नव्हती. त्याला जीपमध्ये घातलं, पण वाटेत त्याच्या छातीला कोणी हात लावला नाही. देवाने त्याला टाकलं असं मी म्हणणार नाही, आणि आमच्या गावाच्या नावावर मरण लिहून ठेवलंय हेही ऐकून घेणार नाही. त्या बाईला कोणी पाठवलं, याचा खल मी करत नाही. मी नमस्कार करतो. कृपा आली तेव्हा माझे हात अडकलेले होते. शरण जायचं तर आधी ते मोकळे करावे लागतात, एवढं कळलं.

यंदाच्या सप्त्याच्या बैठकीत मी म्हटलं, पहाऱ्याला नाव द्यायचं तर आधी छाती दाबायला शिकायचं. अध्यक्ष भडकले, "हे मंदिर हाय का दवाखाना?"

"माणूस इथंच पडला होता," मी म्हटलं. "नियम होत नसेल तर माझं नाव खोडा."

आबा काठी टेकत उठले. "मले शिकवा पहिले."

नियम ठरला. कळसासाठी ठेवलेले माझे पाच हजार मी सरावाच्या पुतळ्यासाठी नर्सबाईंना दिले. शिकवण्याचे सहाशे त्यांनी वेगळे मागून घेतले. ते वसंताने स्वतःच्या हाताने मोजून दिले.