रथ, कमान आणि सात अर्धे इंच

हरिबा सुताराला काहीही विचारा, उत्तराला शेपूट असतंच. वय किती? "एकाहत्तर, एखादं वर्ष इकडं-तिकडं." चहात साखर किती? "दोन चमचे, चिमूटभर इकडं-तिकडं." अख्खं मंठाळ गाव त्याला 'इकडंतिकडं मिस्त्री' म्हणतं.

मी त्याला ओळखतो ते नाटक कंपनीपासून. अकरा वर्षं तो पडद्यामागं महाल उभे करी आणि त्या महालात मी राणी असे. होय, राणी! आताच्या मिशांवर जाऊ नका. तो मला अजून राणीसाहेबच म्हणतो. महालाच्या प्रत्येक फळीमागं तो खडूनं लिही : चार फूट, अर्धा इंच कमी-जास्त. आठ फळ्या जोडल्या की पुटपुटे, "आठ अर्धे, चार इंच झाले." आणि खरंच, आमचा महाल दरवेळी चार बोटं विंगेत घुसायचा. माझा पदर तिथं रोज अडकायचा. आम्ही शिव्या मात्र थिएटरवाल्याला घालायचो!

कंपनी बंद पडली. हरिबा दारं-खिडक्या करू लागला. पण मनात एकच होतं, आयुष्यात एक रथ करायचा. यंदा गावचा जुना रथ वाळवीनं खाल्ला आणि ते काम त्याला मिळालं.

जत्रेचा दिवस उजाडला. संध्याकाळी पाचला रथ ओढायचा, तोही वेशीतल्या नव्या कमानीखालून. सकाळी नऊलाच हरिबा घामानं निथळत माझ्या दारात. "राणीसाहेब, चला. चनमल्लप्पाला तुम्हीच सांगा."

चनमल्लप्पा म्हणजे जत्रा कमिटीचे अध्यक्ष, कापडाचे व्यापारी. दुकानात त्यांनी कागद नाचवला. "कमान एकवीस फूट चार इंच. रथ वीस फूट अकरा. पाच इंच मोकळे! कामून घाबरायलास?"

"अप्पा, रथाचे तुकडे सात. एकेकात अर्धा इंच इकडं-तिकडं, म्हंजे साडेतीन. गवंड्यानं कमान दोरीनं मोजली, त्यात दोन. मिळून साडेपाच."

"आरं, आपण वजाबाकी करायलाव न्हवं? मग चूकबी वजा व्हती की!"

"चूक कवाच वजा व्हत न्हाई, अप्पा. आकडे मिळवा न्हाईतर वजा करा, ती वाढतच जाती. पाचाच्या फटीत साडेपाचाची चूक! कळस कमानीला धडकला तर खाली ओढणारी दोनशे माणसं हायत."

"एक तुकडा जरा मोठा असंल, तर दुसरा ल्हान असंल. फिटंल की!"

हरिबानं मान डोलावली. बोलणं खोटं नव्हतं. तसं फिटतंही बऱ्याचदा. त्यानं खिशातून कापडी टेप काढली आणि माझी नजर तिच्यावर खिळली. टेपच्या टोकाला पितळी कडी, जांभळ्या दोऱ्यानं शिवलेली. ती कडी माझ्या पैंजणातली! उदगीरच्या मुक्कामात टेपची जुनी कडी तुटली, तेव्हा मीच ती रंगपटात बसून शिवली होती.

"हरिबा!" मी शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलो. "ही कडी माझी आहे!"

दुकानातल्या कापड मोजायच्या लोखंडी गजाला टेप लावली. मोजताना कडी टोकाला धरायची, आणि माझी कडी निघाली जुनीपेक्षा अर्धा इंच लांब. टेप बारा इंच म्हणे, तेव्हा गज साडेबारा दाखवी.

"फिटत न्हाई, अप्पा," हरिबा खालीच बसला. "एकाच टेपच्या चुका हायत, समद्या एकाच बाजूला पळाल्या. सातीच्या साती तुकडे मोठे." आणि दुसऱ्या क्षणी ताडकन उठला. "बास झाली बेरीज! एक लांब बांबू आना!"

काय तो प्रवेश, मंडळी! रथाला बांबू उभा लावला, कळसाच्या टोकाबरोबर छाटला. सगळा रथ एका मापात, तुकडे नाहीत, टेप नाही. पाच जण तो उभाच धरून वेशीकडं निघाले. मागं निम्मं गाव, श्वास रोखलेला.

टक्!

बांबू कमानीला लागला. अर्ध्या इंचानं.

"कळसाखालची बैठक काढतो," हरिबा म्हणाला. "चार इंचाची हाय."

"त्येच्यावर माझ्या बापाचं नाव कोरलंय रे!"

"खालच्या मजल्याला म्होरनं ठोकून बसवतो, अप्पा. वर ठिवलं तर नाव कमानीवर आपटंल."

चनमल्लप्पा हसले. "बसव बाबा खाली. माझा बापबी बुटकाच हुता."

दुपारभर करवत चालली. पाचला दोर ताणले गेले. मी अठ्ठ्याहत्तरीचा म्हातारा, पण दोराला हात घातलाच! रथ डुलत आला. हरिबा कमानीखाली उभा, मान वर, डोळे मिटलेले. कळस आत शिरला, पुढं सरकला, आणि पलीकडं मावळतीच्या उन्हात लखलखला! हलग्या कडाडल्या. मी तर भर वेशीत मुजरा केला.

"किती राहिली रे फट, मिस्त्री?" चनमल्लप्पा ओरडले.

हरिबानं डोळे पुसले. "साडेतीन इंच, अप्पा. अर्धा इंच..."

"इकडं-तिकडं!" दोर धरलेली दोनशे माणसं एका सुरात गर्जली.