नाचणीच्या शेतातली एरियल

सकाळी अकरा वाजता आई रेडिओवर बोलणार होती आणि काकाच्या स्टिरिओतून नुसती खरखर येत होती.

जव्हारहून मोखाड्याला जाताना आमचा पाडा रस्त्यापासून बराच आत, दरीच्या कडेला लागतो. मोबाइलला रेंज नाही. तो स्टिरिओ काकाने भिवंडीत हमाली करताना जुना घेतलेला. लग्नात वाजायचा, तोही मोबाइलची पिन लावून. मागच्या एरियलच्या स्क्रूला कधी कुणी हात लावला नव्हता.

रेडिओवाली मुलगी आवाज रेकॉर्ड करायला आली तेव्हा आईने तिला सांगून टाकलं होतं की आमची अंगणवाडी दोन महिने कुलूपबंद आहे. दुपारी ग्रामसभा होती. तिथे हेच बोलायला आईशिवाय एकही बाई तयार नव्हती. मी गावात वाटली जाणारी पत्रकं वाचतच अक्षरं शिकले होते, म्हणून सभेसाठी पत्रक मीच लिहिलं. बायकांनी ते कमरेला खोचलं आणि कामाला गेल्या. आता एकच आशा होती: आईचं बोलणं सगळ्यांनी एकदा उघड ऐकावं. कार्यक्रम पुन्हा लागणार नव्हता.

अंगणात बायका जमल्या. आई स्पीकरशेजारी बसली. काकाची नजर नाचणीतल्या तारेवर गेली. पाखरं हाकायला घराच्या मेढीच्या खांबापासून शेतातल्या मचाणापर्यंत, आमच्या माळ्यापर्यंत, डबे बांधलेली तार ताणली होती. माळ्यावर बसून काकू ती ओढायची.

"एवढी लांब एरियल मुंबईतपण नसेल," काका म्हणाला. कोयत्याने तारेचा गंज खरवडून त्याने तिथून वायर आणली, स्क्रूला आवळली. तरी खरखरच. मी बाहेर जाऊन पाहिलं तर तार छपराच्या पत्र्याला टेकलेली. मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा सरकवला आणि आतून एकदम स्वच्छ आवाज आला. आईचाच.

"आमच्या अंगणवाडीला—"

डबे खडखडले. स्टिरिओ खर्रकन ओरडला.

मी बांधावर धावले. "काकू, तार ओढू नको! दहा मिनिटं!"

"आन पाखरं काय तुझी पत्रकं खातील?" काकू माळ्यावरून ओरडली. "वरसाची भाकर हाय ही!"

थवा कणसांवर उतरत होता. तिने पुन्हा तार ओढली, पुन्हा आईचं वाक्य तुटलं. मला राग आला, पण शेत तिचं होतं.

तेवढ्यात एक म्हातारी उठली. "आवाज मोठा कर रे," काकाला म्हणाली आणि नाचणीत शिरली. मागोमाग बाकीच्या. तोंडातून शब्द न काढता त्या पदर हलवत कणसांमधून फिरू लागल्या. पाखरं उठली. काकूने तार सोडली. शेतभर आईचा आवाज पसरला: "दोन महिने कुलूप आहे. आमची पोरं दाराशी जाऊन परत येतात. किल्ली कुणाकडं आहे, ते सभेत विचारणार आहे मी."

कार्यक्रम संपला तरी पदर हलतच होते.

काकू माळ्यावरून उतरली. "कवा हाय सभा?"

"दोन वाजता."

"मंग पाखरांवर कोण बसंल?"

बायकांनी माझ्याकडे पाहिलं. सभेत काय बोलायचं ते मला तोंडपाठ होतं, पण आता ते बोलायला त्या निघाल्या होत्या. मी स्क्रूची वायर सोडवली आणि माळ्यावर चढले.