शकीलच्या तीन ओळी

स्कूटर दाखवायला मी बीडहून मांजरसुंब्याला गेलो, तर गुलाब मिस्त्रींचं गॅरेज बंद. शेजारच्या ढाबेवाल्यानं सांगितलं, त्यांचा मुलगा शकील सकाळी वारला. चार दिवसांचा ताप… वय एकतीस. मी स्कूटर ढकलत त्यांच्या घरापर्यंत गेलो. का ढकलत नेली, कोण जाणे. ती चालू होत होती.

आठवड्यानं चौकात शोकसभा झाली. एका पुढाऱ्यानं शकीलला जागतिक कीर्तीचा शास्त्रज्ञ केलं, दुसऱ्यानं देशाचा पहारेकरी. तो नेमकं काय करायचा हे कुणी सांगितलं नाही, कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. पुण्याची नोकरी सोडून तो गॅरेजच्या मागच्या खोलीत बसायचा आणि जगभरचे लोक मिळून लिहितात त्या, संगणकाच्या गाभ्यातल्या प्रोग्राममधल्या चुका दुरुस्त करून मेलनं पाठवायचा. मी एकदा विचारलं होतं.

"सर, एका कम्प्युटरच्या पोटात दुसरा, खोटा कम्प्युटर चालतो. पोटातल्यानं बाहेरच्याला हात लावू नये म्हणून कुंपण असतंय. त्याचं भोक बुजवायलोय."

"कसलं भोक?"

"वजाबाकीचं. तिनातून चार गेले तर किती?"

"उणे एक."

"तिथं उणं न्हाईच. तिथं होतात चारशे एकोणतीस कोटी."

मी मान हलवली. काही कळलं नाही, की मी नुसती मान हलवतो. जीपखालून मिस्त्रींचा आवाज आला, "सर, मीटर उलटा फिरवताना शून्याच्या खाली गेला की नव्याण्णव हजार दिसतो, तसंच हाय ते. मी केलाय तो घोळ. कमी चाललेली जीप म्हणून इकायला काढली, आन् मीटर बघावं तर पृथ्वीला दोन येढे मारून आलेली!"

"अब्बा, सरांसमोर तरी नका सांगू."

"कावून? सर काय गिऱ्हाईक हायेत का बे?"

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर मिस्त्री शकीलचा लॅपटॉप घेऊन माझ्या घरी आले. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचो. त्यामुळे इंग्रजीतलं काहीही मला कळतं, असा त्यांचा समज. शकीलनं शेवटी पाठवलेल्या दुरुस्तीवर परदेशातल्या एका तपासनीसानं विचारलं होतं: वजा करण्याआधी आकडा तपासायला तुम्ही तीन ओळी घातल्यात, पण तो आधीच एकदा तपासलेला असतो. मग यांची गरज काय?

"लोक म्हणतात, लई मोठा होता," मिस्त्री म्हणाले. "मोठा-छोटा मला नगं. शेवटचं काम बरोबर केलंतं का, तेवढं इचारा."

मी तीन खर्डे फाडले. शेवटी दोनच वाक्यं पाठवली: हे लिहिणारा वारला. त्यानं केलेलं बरोबर आहे का, असं त्याचे वडील विचारतात.

चार दिवसांनी उत्तर आलं. त्या गृहस्थानं स्वतः करून पाहिलं होतं. त्या तीन ओळी नसतील, तर पोटातला संगणक बाहेरच्याला बंद पाडतो. त्या हव्यातच. पण खाली तीच वजाबाकी पुन्हा होते, ती शकीलच्या नजरेतून सुटली. तिथं तपासनीसानं एक ओळ स्वतः घातली होती. दुरुस्ती शकीलच्या नावानंच स्वीकारली होती.

"म्हंजे बरोबर का चूक?"

मी मेल पुन्हा वाचली. "बरोबर… पण थोडं राहिलं."

"वर बघितलं, खाली बघायचं राहिलं… कधी पाठवलंतं हे त्यानं?"

मी तारीख पाहिली. तापाचा दुसरा दिवस होता. मिस्त्री उठले. लॅपटॉप उघडाच काखेत मारून गेले.

त्या दुरुस्तीचा छापून घेतलेला कागद आता मागच्या खोलीत शकीलच्या टेबलावर असतो. नव्यानं घातलेल्या ओळींपुढे अधिकचं चिन्ह आहे, त्यामुळे त्या मिस्त्रींना ओळखता येतात. परवा गेलो, तर बाहेर गिऱ्हाईक ताटकळत उभं आणि हे कागदावर वाकलेले.

"तीन आपल्या, एक त्या सायबाची. बरोबर ना, सर?"

"बरोबर."

त्यांनी चौथीवर बोट ठेवलं. "ताप नसता तर ही सुचली असती का त्याला?"

"सुचली असती," मी म्हणालो. त्या ओळीतलं एक अक्षरही मला कळत नव्हतं.

मिस्त्री माझ्या तोंडाकडं बघत राहिले… मग शकीलची खुर्ची पुढं ओढून म्हणाले, "बसा, सर. आणखी खाली बघा. काई राहिलंय का त्याचं."