सोवळ्यातलं यीस्ट

दारूबंदीच्या काळात मी तीन वर्षं दारूची सवय लावण्याचं काम करत होतो, आणि त्याबद्दल विद्यापीठ मला पदवी देणार होतं. सवय यीस्टला लावायची होती. यीस्ट म्हणजे पाव फुगवणारा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा जीव. तो साखर खातो, तिची दारू करतो आणि दारू फार साठली की तिच्यातच मरतो. (माणसाचं याहून वेगळं होतं असं अमरावतीत तरी मला दिसलं नव्हतं.) पण थोडे चिवट जीव उरतात. ते पुन्हा वाढवायचे, दारू किंचित चढवायची, उरतील ते पुन्हा घ्यायचे. असं करत करत माझं यीस्ट चांगलं पक्कं झालं होतं.

साल एकसष्ट असावं. मी कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर होतो, तोही हंगामी. एम.एस्सी. झालो तर कायम, नाही तर जूनमध्ये घरी. मे महिन्यात प्रयोगशाळा तापून तवा व्हायची, म्हणून आठ बाटल्या घरी आणून माठाशेजारच्या ओल्या वाळूत ठेवल्या. बायको पहिल्या बाळंतपणासाठी अकोल्याला माहेरी गेली होती आणि माझ्या जेवणाची आबाळ नको म्हणून अकोटहून वत्सलाआत्या आली होती. ती वडिलांची थोरली बहीण. सोवळं इतकं कडक की मांजरसुद्धा तिला वळसा घालून जाई.

"काय हाये रे ह्या बाटल्याईत? वास मारून राहिला."

मी पडलो मास्तर. कुणी विचारलं की सगळं सांगितल्याशिवाय राहवत नाही. गाळ म्हणजेच ते जीव, हेही दाखवलं.

"म्हंजे आपल्याच घाणीत मरतेत बिचारे?"

"हो."

"अन् तू पाहत बसतं?"

"तोच तर अभ्यास आहे, आत्या."

"पाणी काहून बदलून देत नाही त्याईले?"

मी हसलो. खरं तर तेव्हाच बाटल्या कुलुपात ठेवायला हव्या होत्या.

दुसऱ्याच दिवशी अकोल्याहून तार आली, मुलगा झाला. "बाटल्यांना हात लावू नकोस," एवढं बजावून मी निघालो. सासुरवाडीचा पाहुणचार लांबत लांबत बारा दिवस चालला. परत येऊन पाहतो तर आठही बाटल्या लख्ख, आणि वास गायब.

"आत्या, हे काय केलंस?"

"तुह्या घरी लेकरू जन्मलं, अन् इथं रोज जीव मरू देऊ काय मी? सकाळ-संध्याकाळ वरचं पाणी ओतून देल्लं, गाळ राहू देल्ला. मंग पाण्यात खडाभर गूळ टाकून उकळलं, थंड केलं अन् घातलं."

"मी हात लावू नको म्हटलं होतं!"

"मंग? सोवळ्यात केलं ना मी सारं. कोनाचा हात लागला?"

तीन वर्षं सासुरवास काढलेल्या यीस्टला बारा दिवस माहेरपण मिळालं होतं. दारूची सवय मोडली असणार आणि तिच्याबरोबर माझी नोकरीही. परीक्षक नागपूरहून परवा यायचे होते. मला खरोखर रडू येत होतं, पण झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून बाटल्या तशाच कॉलेजात नेऊन ठेवल्या.

परीक्षक हसणाऱ्यांपैकी नव्हते. त्यांनी बेकरीतलं साधं यीस्ट आणि माझं यीस्ट सारख्याच कडक दारूत ठेवलं. तासाभरानं दोन्हींत निळा रंग टाकला. मेलेले जीव निळे होतात, जिवंत होत नाहीत. बेकरीचं यीस्ट सगळं निळं. मग माझं सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं. मी खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे पाहत राहिलो.

"बहुतेक जिवंत आहेत," ते म्हणाले.

"कसे काय?" हे मी जेमतेम गिळलं.

"आता सांगा, ही नुसती सवय आहे की रक्तात उतरलंय? सवय असेल तर दारू काढून घेतल्यावर चार पिढ्यांत, म्हणजे एखाद्या दिवसातच, विसरतील. जीनमध्येच बदल झाला असेल, तर पोरं जन्मतःच पक्की निघतील. दारू काढून वाढवून पाहिलंत?"

तीन वर्षांत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"बारा दिवस, सर."

"पाणी कितीदा बदललं?"

"सकाळ-संध्याकाळ."

"बाहेरचे जंतू शिरू नयेत म्हणून काय काळजी घेतलीत?"

"सोवळ्यात केलं, सर," तोंडातून निघून गेलं.

त्यांनी चष्मा काढला. मग मी सगळं सांगून टाकलं.

"तुमच्या प्रबंधात एवढा एकच प्रयोग नीट झालाय," ते म्हणाले. "तो लिहून काढा. बाईंचे आभार माना."

पदवी मिळाली, मी कायम झालो. पेढे घेऊन आत्याकडे अकोटला गेलो आणि यीस्टचा गुण पोरांत कसा उतरतो ते तिला समजावून सांगितलं. तिनं पेढा हातातच धरून ऐकलं.

"म्हंजे बापाचं पोरात उतरते?"

"उतरतं."

"मंग माह्या भावाची अक्कल तुह्यात काहून नाही उतरली?"

"कधी कधी गुण एक पिढी गाळून उतरतो, आत्या."

"हाव," आत्या म्हणाली. "इथं मातर गाळच उतरला."